चाकांची कल्हई

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आमच्या लहानपणी वसईच्या आळीत एक आरोळी ऐकू यायची : "कल्हईऽऽवाला!" ती कानावर पडताच आई माळ्यावरची पितळी पातेली, तपेली, गंज असा सारा संसार अंगणात मांडी. कल्हईवाला जमिनीत वीतभर खळगा करी, भाता बसवी, कोळसे फुलवी. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि त्या धुरातून कथलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्याखाली असा काही धावे, की काळवंडलेले पातेले डोळ्यांदेखत चंद्रासारखे होऊन जाई. आम्ही मुले नाक मुठीत धरून तो चमत्कार पाहत बसत असू.

पण भांडे विस्तवावर धरण्यापूर्वी तो म्हातारा आणखी एक गोष्ट करी. प्रत्येक भांडे एका हाताने कानाशी अधांतरी धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने टणकन वाजवी. मला वाटे, हा स्वभावाने गमत्या आहे, याला वाजवायची हौस आहे. त्या टणत्काराचा अर्थ मला कळायला चाळिशी उलटावी लागली, आणि तो कळला तोही कुठल्या ग्रंथात नव्हे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, चिंचोटीला, महामार्गालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे कल्हई व्हायची होती ती मात्र पातेल्यांना नव्हे, मोटारीच्या चाकांना.

वाचकांनी आताच हसू नये. मराठीच्या प्राध्यापकाचा मोटारीच्या चाकांशी संबंध काय, हा प्रश्न आमच्या घरातही विचारून झाला आहे. मोटारींच्या बाबतीत मी निव्वळ उतारू वर्गातला माणूस. धातू म्हटले की मला व्याकरणातला धातू आठवतो. त्याला प्रत्यय लागतात, गंज लागत नाही. पण गाडी दादाची होती, आणि दादाचे नाव निघाले की मला नाही म्हणता येत नाही.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. कणकवलीला एका बँकेत होता. सरळ भांग, सरळ हिशेब, सरळ माणूस. अशा माणसाने २००१ साली एकाएकी एक लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा आमच्या सबंध घराण्याने तोंडात बोट घातले. गाडीचे नाव 'स्टॉर्म'. सॅन कंपनीची ही गाडी १९९८ साली बाजारात आली. ती आपल्या शेजारी गोव्यात बांधली जात असे, आणि वेगाची हौस भागवण्यासाठीच बेतलेली अशी गाडी आपल्याकडे तेव्हा जवळजवळ दुसरी नव्हतीच. फायबरग्लासचे हलके अंग, आत रेनॉ कंपनीचे सुमारे साडेअकराशे सीसीचे इंजिन, दारे दोन आणि आसनेही दोनच. घरात माणसे तीन. वडील म्हणाले, "अरे, तिसऱ्याने बसायचे कुठे?" दादाने उत्तर दिले, "मांडीवर." आणि खरोखरच आमचा पुतण्या पहिली काही वर्षे आईच्या मांडीवर बसून कोकण फिरला.

पुढे दादाची बदली झाली, निवृत्तीही झाली, आणि 'एमएच-०७' अशी सिंधुदुर्गची पाटी मिरवत ती गाडी वसईच्या आमच्या वाडीत नारळाच्या झावळ्यांखाली येऊन उभी राहिली. चार वर्षांपूर्वी दादा गेला. गाडी तशीच उभी राहिली. फायबरच्या अंगाला गंज चढत नाही, पण समुद्राकाठची खारी हवा बाकी कशालाच सोडत नाही. मूळच्या चार चाकांपैकी दोन दादाच्या हयातीतच खड्ड्यांत आपटून वाकली होती. उरलेली दोन टायरांसकट जमिनीत रुतत चालली होती. वहिनी रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला जाताना त्या गाडीला वळसा घालून जात. तिच्याकडे पाहत नसत.

गेल्या वर्षी पुतण्याने जाहीर केले, "काका, पाडव्याला गाडी बाहेर काढायची. आईला बसवून अर्नाळ्यापर्यंत न्यायचं." इंजिन त्याने एका ओळखीच्या मेकॅनिककडून सुरू करून घेतले. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते. तीही खटपट त्याने केली. राहता राहिली चाके. नव्या चाकांचा भाव ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो, आणि मग मुंबईतल्या जुन्या मालाच्या एका दुकानातून वापरलेली चार अलॉय चाके सोळा हजारांना घेऊन आलो. घासाघीस मी केली. वीस हजारांचे सोळावर आणले म्हणून परतीच्या गाडीत माझी छाती दोन इंच फुगली होती. पुतण्याने मात्र चाके उचलण्यापूर्वी पट्टी काढून बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास मोजला. चार भोके दिसली म्हणजे चाक बसले असे होत नाही, म्हणे. फियाटच्या पालिओचे हे वर्तुळ ९८ मिलिमीटरचे, इतर कितीतरी गाड्यांचे १००. हा दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण बोल्टाला जाणवतो. वर्तुळ जुळले, रुंदी जुळली. चाके रुपेरी रंगात दुरून झकास दिसत होती. जवळून पाहिल्यावर काठांना ओरखडे होते, आणि रंगाखाली वाळवीने वाटा कोराव्यात तशा बारीक नागमोडी रेषा पसरलेल्या होत्या.

पहिला प्रयत्न अर्थातच घरी झाला. गणपती नुकतेच गेले होते, हवा ओली होती. पुतण्याने रंगाचे फवारे विकत आणले. टायर न काढता, टायर आणि काठ यांच्या फटीत जुन्या लग्नपत्रिका गोलाकार खोचून त्याने बाहेरची बाजू झाकली. ही युक्ती खरोखर चांगली आहे. आमच्या घरातल्या तीस-पस्तीस शुभविवाहांचा असा सदुपयोग यापूर्वी झाला नव्हता. पण चाकावरचे जुने तेलकट काळे नीट न धुता, ओल्या हवेत, त्याने एकाच दमात जाड थर दिला. तासाभरात रंगावर दुधी सावट आले आणि चौथ्या दिवशी नखाने ओढताच रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा हातात आला. तेव्हा टायरवाल्याने सांगितले, "चिंचोटीला जा. तिथं एक मिस्त्री चाकंच करतो."

चिंचोटी म्हटले की वसई-विरारकडच्या माणसाला आधी धबधबा आठवतो. तुंगारेश्वरच्या रानातून कोसळणारा तो देखणा आणि तितकाच दगाबाज धबधबा. दर पावसाळ्यात तिथे कोणीतरी बुडते आणि तिकडे जायला बंदी घालणारा हुकूम निघतो. पण पाऊस सरला, की चिंचोटीचे दुसरे रूप दिसते. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला इथूनच कामणकडून भिवंडीला जाणारा रस्ता फुटतो. त्यामुळे रात्रंदिवस अवजड गाड्यांची रांग, तिच्या दोन्ही अंगांना टायरची दुकाने, वजनकाटे, चहाच्या टपऱ्या, गोदामे आणि गॅरेजे. डोंगर हिरवा, झाडे धुळीने करडी. मिस्त्रींची शेड या रस्त्यापासून जरा आत, चिंचेच्या सावलीला होती. दाराशी कॉम्प्रेसर धडधडत होता आणि भिंतीवर चाके अशी टांगली होती, जशी भांड्यांच्या दुकानात परातीच टांगल्या आहेत.

मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांचा मदतनीस पोरगा जवळच्या जूचंद्रचा. जूचंद्र हे रांगोळीकारांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. दिवाळीत तिथल्या रांगोळ्या पाहायला लांबून माणसे येतात. हा पोरगाही रांगोळी घालणारा. मिस्त्री म्हणाले, "फवारा त्याच्याच हातात देतो मी. रांगोळीत हात थांबला की ठिपका पडतो, फवाऱ्यात थांबला की ओघळ. त्याचा हात थांबत नाही."

मी आपले घाईचे बोललो, "फार काही नको मिस्त्री. वरून एक हात मारून द्या. पाडव्याला हवीत."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. "सर, वरून हात मारायचा तर तो घरी मारलाच आहे की तुम्ही."

त्या दुपारपासून पुढचे पंधरा दिवस, कॉलेज सुटले की माझी पावले चिंचोटीकडे वळू लागली. आमच्या विषयात इतके रहस्य क्वचितच असते. आधी टायर उतरले, काठाला चिकटवलेले तोलाचे शिसे निघाले, हवेची नळी निघाली. मग रंग उतरवायचे औषध लावताच जुना रंग सुरकुतून वर आला. त्याखालच्या त्या वाळवीच्या वाटा मिस्त्रींनी बोटाने दाखवल्या. ॲल्युमिनियमवर रंगाचे पारदर्शक कवच असते. त्याला एखादा ओरखडा पडला, की खारट ओलावा आत शिरतो आणि कवचाखाली धाग्यासारखा सरपटत जातो. वरून सारे शाबूत दिसते. म्हणून नुसते वरून रंगवणे म्हणजे वाळवीवर चुना फासणे. ते खणूनच काढावे लागते. आधी १२० नंबरचा पॉलिशपेपर, मग २४०, मग पाणी लावून ४००. आणि घासून उघडा केलेला धातू रात्रभर तसा ठेवायचा नाही. ॲल्युमिनियमवर हवेतल्या प्राणवायूची पातळ साय क्षणात धरते आणि त्या सायीवर रंग घट्ट बसत नाही. म्हणून अस्तर त्याच दिवशी लावायचे, तेही धातूला किंचित खाऊन पकड घेणारे. मला एकदम नवसागराची चिमूट आठवली. कल्हईवाला तरी दुसरे काय करीत होता? पितळेवरची हीच साय जाळून काढीत होता, म्हणजे कथील धरेल. शास्त्र तेच, फक्त भाता जाऊन कॉम्प्रेसर आला.

या ॲल्युमिनियमच्या चाकांची कुळकथाही मोठी रंजक आहे. १९२४ साली फ्रान्समध्ये लियाँ येथे झालेल्या शर्यतीत बुगाटीने आपली 'टाइप ३५' ही गाडी उतरवली. तिची चाके ॲल्युमिनियमची ओतीव होती. इतरांच्या गाड्या तेव्हा तारांच्या आरांवर धावत होत्या. पुढे शर्यतीच्या गाड्यांतून ही चाके हौशी लोकांच्या गाड्यांत उतरली. १९६६ साली पोर्शेने '९११ एस'ला घडीव मिश्रधातूची चाके दिली. आपल्याकडे त्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट पोलादी चाकांवर चकचकीत वाटी बसवून मिरवत होती. ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. त्यात थोडे सिलिकॉन, किंचित मॅग्नेशियम मिसळून आजची बहुतेक चाके ओततात. पण नुसत्या ओतण्याने ते चाक रस्त्याला टिकत नाही. ते सुमारे ५४० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात, जसे लोहार कोयत्याला पाणी देतो तसे. मात्र इथे एक गंमत आहे. कोयता पाण्यात पडताक्षणी कडक होतो. हा मिश्रधातू मात्र पाण्यातून निघतो तेव्हा मऊच असतो, आणि नंतर दीडशे-एकशेसाठ अंशांच्या मंद उबेत काही तास विसावला की कडक होतो. हा गुण प्रथम हेरला आल्फ्रेड विल्म या जर्मन संशोधकाने, १९०६ च्या सुमारास. शनिवारी मोजलेला तुकडा सोमवारी पुन्हा मोजला, तर तो आपोआप कणखर झालेला! रविवारच्या सुटीने कणखर होणारा हा धातू आम्हा शिक्षकांच्या जातीचाच म्हणायला हवा.

मिस्त्रींना विल्म ठाऊक नव्हता, पण त्याचा सिद्धांत पाठ होता. ते म्हणत, "याला एकदा दिलेली ऊब पुरते. जास्त जाळ लावला की मऊ पडतो." पावडर कोटिंगच्या भट्टीतही चाक साधारण १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटेच ठेवायचे. वाकलेले चाक गॅसच्या ज्योतीवर धरून ठोकणाऱ्यांची त्यांना चीड होती.

तीन चाके अस्तराला आली तो दिवस मला नीट आठवतो. वसुबारस पाच-सहा दिवसांवर होती. चौथे चाक मिस्त्रींनी आडव्या काठीवर लटकवले आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकले. मग शेजारचे ठोकले. पुन्हा चौथे. पहिल्याचा आवाज घुमत राहिला, चौथ्याचा 'थप्प' असा जागीच बसला. तो फरक मलासुद्धा कळला. आणि मला आमचे अंगण दिसले, कल्हईवाला दिसला, त्याच्या बोटाचा टणत्कार ऐकू आला. तो गमत्या नव्हता. आधी ऐकत होता आणि मगच रंगवत होता.

"आवाजावर सगळं कळतं असं नाही," मिस्त्री म्हणाले. "बघू. सर, खिशात खडू असेल ना?"

होता. मराठीच्या प्राध्यापकाच्या खिशात पैसे नसतील, खडू असतोच. मिस्त्रींनी कोपऱ्यातून जपून ठेवलेली रॉकेलची बाटली काढली. चाकाच्या आतल्या अंगाला, टायरच्या आड कायम लपलेल्या पृष्ठभागावर, रॉकेल माखले. काही वेळाने ते कोरडे पुसून घेतले आणि माझ्या खडूची पूड करून त्यावर पसरली. ही युक्ती शंभर वर्षांपूर्वीची, रेल्वेच्या कारखान्यांतली. फटीत शिरलेले रॉकेल पुसले जात नाही, ते हळूहळू बाहेर झिरपते आणि खडूच्या पुडीत उमटते. आम्ही तिघे वाकून पाहत राहिलो. पाच मिनिटांत त्या पांढऱ्यावर एक ओलसर करडी रेघ उमटली. आतल्या काठापासून निघून ती एका आराच्या मुळाकडे चालली होती, अंगठ्याएवढी लांब. आयुष्यभर मी खडूने रेघा ओढल्या आहेत. खडूने स्वतःहून ओढलेली रेघ मी पहिल्यांदाच पाहिली.

"कुणीतरी आधी वेल्डिंग केलंय," मिस्त्री म्हणाले. "ते घासून, वर रंग दिलाय. आता त्याच्या बाजूनं फाटायला लागलंय. वेल्डिंगच्या जाळानं शेजार मऊ पडतो."

आता कबुली द्यायची ती इथे. मी म्हणालो, "मिस्त्री, अंगठ्याएवढी तर रेघ आहे. लांबी भरा आणि रंग द्या. आतली बाजू, कोणाला दिसणार? पाडव्याला अर्नाळ्यापर्यंत तर जायचंय."

मिस्त्रींनी हातातली फडकी खाली ठेवली. "लांबी ओरखड्याला, सर. तड्याला लांबी नाही."

मग त्यांनी जे सांगितले ते साधे गणित होते. या चाकाचा टायरसह घेर पावणेदोन मीटरच्या आसपास. म्हणजे एका किलोमीटरला साडेपाचशेहून अधिक फेरे. प्रत्येक फेऱ्यात तडा एकदा ताणला जातो, एकदा मिटतो. पोलादी चाक खड्ड्यात आपटले तर बहुधा वाकते, आणि वाकलेले दिसते. ओतीव ॲल्युमिनियम तडकते आणि तडा आत वाढत राहतो. अर्नाळा जवळ आहे हे खरे. पण पोराला गाडी आवडली, तर तो अर्नाळ्याला थांबेल का?

मी काही बोललो नाही. पुतण्याही बोलला नाही. तो बाहेर जाऊन दुकानदाराला फोन करून आला. चेहरा जरा उजळला होता. "काका, तो चाक परत घ्यायला तयार आहे. तीन हजार देतो म्हणतो."

मला हायसे वाटले. चार हजारांचे तीन, म्हणजे एका हजाराने सुटलो. मी म्हणालो, "उद्याच जाऊ."

पुतण्या चाकाकडे पाहत उभा होता. त्याने मिस्त्रींना विचारले, "परत घेऊन तो याचं काय करेल?"

"रंग देईल," मिस्त्री म्हणाले.

बाहेर महामार्गावरून एक लांबलचक ट्रेलर धडधडत गेला, पत्रे हादरले. मी तीन हजारांचा विचार करत होतो, आणि तो पोरगा कोणत्या तरी अनोळखी माणसाचा विचार करत होता. दोन मिनिटांनी त्याने भिंतीवरचा ग्राइंडर मागून घेतला, डोळ्यांवर चष्मा चढवला, आणि त्या चाकाचे दोन आर आरपार कापून टाकले. आता त्याला जगातला कोणताही रंग चाक बनवू शकत नव्हता. भंगारवाल्याने वजनावर जे दिले त्यात आमचा तिघांचा चहा आणि वडापाव झाला. मी वर्गात नीतिपर उतारे शिकवतो, त्यांवर प्रश्न काढतो, गुण देतो. त्या संध्याकाळी चिंचोटीला माझी उत्तरपत्रिका कोरी निघाली, आणि पुतण्या माझ्यापुढे निघून गेला. वाईट वाटले, आणि बरेही वाटले. दादा असता तर त्याने चष्मा पुसला असता. त्याला भरून आले की तो चष्मा पुसत असे.

पण चाके तीनच उरली. त्यावर तोड मिस्त्रींनीच काढली. "जुनी दोन आहेत ना घरी? आणा. माप एक असलं आणि टायर सारखे असले, तर पुढे दोन ही, मागे दोन ती. एका आसावर मात्र जोडी सारखीच पाहिजे. तिसरं ठेवा जादा म्हणून."

जुनी दोन चाके आणायची म्हणजे वहिनींना सांगणे आले. आम्हाला तर सारे गुपित ठेवून पाडव्याला चकित करायचे होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी येते." चिंचोटीच्या त्या धुळीत वहिनी नऊवारी नेसून येतील असे मला वाटले नव्हते, पण आल्या. मिस्त्रींनी दोन्ही चाके वाजवली. दोन्ही घुमली. मग रॉकेल आणि खडू. रेघ नाही. मग यंत्रावर फिरवून काठ किती डुलतो ते पाहिले. किरकोळ. एका चाकाच्या बाहेरच्या काठाला मात्र वीतभर लांब, खोल ओरखडा होता. मिस्त्री लांबीचा डबा उघडू लागले.

"तो राहू दे," वहिनी म्हणाल्या.

सगळे थांबले.

"सावंतवाडीला मोती तलावापाशी झालाय तो. गाडी नवी होती. हे मला चालवायला शिकवत होते, आणि मी कडेच्या दगडाला घासली." त्या किंचित हसल्या. "हे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मामंजींना सांगितलं, माझ्याच हातून घासलं म्हणून. शेवटपर्यंत तेच सांगत राहिले."

हा प्रसंग आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हता. वडिलांनी त्या ओरखड्यावरून दादाची किती चेष्टा केली होती! आणि मला वाटत होते, लपवाछपवीचे सारे प्रकार मला चिंचोटीत शिकून झाले आहेत.

मिस्त्रींनी डबा मिटला. म्हणाले, "उघडा ठेवला तर पुन्हा खार लागेल, वहिनी. त्याला स्वच्छ करून, रंग न देता, नुसतं पारदर्शक कवच देतो. दिसेलही आणि टिकेलही."

त्या आठवड्यात ऑक्टोबरचे ऊन कडकडीत होते. हवा कोरडी असली की रंगावर दुधी सावट येत नाही, म्हणून मिस्त्री या दिवसांना 'रंगाचा सीझन' म्हणतात. जूचंद्रच्या पोराने शेडची जमीन पाण्याने भिजवून धूळ बसवली, बोल्टांच्या बैठकांत आणि चाकाच्या मागच्या सपाट तोंडावर रंग जाऊ नये म्हणून ती जागा झाकून घेतली. नटाखाली रंगाचा थर राहिला, तर तो दाबाने चेपतो आणि नट हळूहळू सैल होतो. मग रुपेरी रंगाचे तीन पातळ हात. दोन हातांच्या मधे दहा-दहा मिनिटांचा विसावा. वर कवच. त्याचा हात खरोखरच कुठे थांबला नाही.

धनत्रयोदशीला टायर चढले, तोल साधला गेला. नट आवळताना मिस्त्रींनी पुतण्याला समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायला लावले, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचे वचन घेतले. बिलात त्यांनी तडा शोधल्याचे पैसे लावले नव्हते. मी विचारले, तर म्हणाले, "खडू तुमचाच होता."

पाडव्याच्या सकाळी वाडीत गाडी उभी राहिली. पुढची चाके पाच आरांची, मागची वेगळ्या घडणीची. जाणकाराला ते विजोड दिसले असते. पुतण्याला त्याचीच चुटपुट लागली होती. तो म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी चारही सारखी घेऊ."

वहिनींनी चाकांना हळदकुंकू वाहिले. मागच्या डाव्या चाकापाशी त्या जरा जास्त वाकल्या. म्हणाल्या, "कशाला? दोन तुझी आहेत, दोन त्यांची. चाललंय ना?"

मग त्यांनी किल्ली मागितली. आम्ही सगळे पाहतच राहिलो. गेली कित्येक वर्षे त्यांनी चालकाच्या आसनावर पाऊल ठेवले नव्हते. पण परवान्याचे नूतनीकरण त्यांनी गुपचूप करून घेतलेले होते. म्हणजे चकित करण्याचा बेत दोन्ही बाजूंनी शिजत होता. पुतण्या मुकाट्याने शेजारच्या आसनावर बसला. एके काळी ज्या मांडीवर बसून तो कोकण फिरला, तिच्या बरोबरीने आता तो बसला होता. काकांना अर्थातच जागा नव्हती. गाडी दोन माणसांची.

इंजिन सुरू झाले. वाडीच्या फाटकाशी कडेला एक दगड आहे. गाडी त्याच्याजवळ आली, तेव्हा माझा श्वास रोखला गेला. वहिनींनी ती दोन बोटे राखून बाहेर काढली.